ताटातली भाकरी, रक्तातली साखर

पुण्याहून नगरकडे निघालं की पन्नासेक किलोमीटरवर रांजणगाव लागतं. बाहेरच्यांना ते महागणपतीमुळे माहीत आहे आणि अलीकडे एमआयडीसीमुळे. सकाळी सात वाजता हायवेवर उभं राहिलं की रात्रपाळी संपवून बसमधून उतरलेली पोरं टपऱ्यांवर दिसतात. हातात साखर मारलेला चहा, सोबत वडापाव नाहीतर क्रीमरोल, काहींच्या गालात तंबाखूचा बार. अंगाने बहुतेक सगळे सडपातळ. त्यांच्याकडे बघून यांच्यातल्या कुणाला शुगर असेल, असं मनातही येणार नाही. शुगर म्हणजे पोट सुटलेल्या, बसून खाणाऱ्या माणसाचा आजार, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

माझ्याही डोक्यात तेच होतं. अब्बांचं वजन कधी पंचावन्न किलोच्या वर गेलं नाही. आयुष्यभर सायकल चालवली. तरी उजव्या पायाचं बोट काढावं लागलं, आणि तेव्हा कळलं की शुगर किमान सात-आठ वर्षं अंगात मुरलेली होती. "किरकोळ माणसाला कशी काय झाली?" असं भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी वाचत गेलो, तर ते आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच कोरडवाहू पट्ट्यात सापडलं. इथल्या भुकेचा इतिहास वाचल्याशिवाय ते नीट कळत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

शिरूर तालुका पर्जन्यछायेतला. घोड, भीमा, कुकडी या नद्या आहेत, पण धरणं होईपर्यंत त्यांचं पाणी काठच्या रानांपुरतं. पीक म्हणजे खरिपात बाजरी, रब्बीत ज्वारी, बांधावर हुलगा, मटकी, तूर, करडई. रोजचं जेवण भाकरी आणि कोरड्यास. हुलग्याचं माडगं, शेंगोळी, पावसाळ्यात आपोआप उगवणारी तांदुळजा-घोळ-पाथरीची भाजी, लसणाची किंवा कारळाची चटणी. गहू सणाला. साखर तर पाहुणा आला की.

इथल्या मुसलमानाचं ताट यापेक्षा वेगळं नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. आजकाल 'मुसलमान म्हटला की बिर्याणी' हे समीकरण आपल्या लोकांनीही मान्य करून टाकलंय. गावगाड्यातला मुलाणी हा बलुतेदार. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्र्यांनी लिहिलेल्या 'गावगाडा'त बलुत्याचा सगळा हिशेब आहे. कुणब्याच्या खळ्यावरून मिळणाऱ्या पेंढ्या आणि पायल्यांवर मुलाण्याचं घर चालायचं. म्हणजे कुणब्याच्या कणगीत जे धान्य, तेच मुलाण्याच्या मडक्यात. तांबोळी, पिंजारी, अत्तार, शिकलगार यांचंही तेच. बकरं मुलाण्याच्या हातून हलाल व्हायचं, पण ते जत्रेला, पिराच्या कंदुरीला किंवा बकरीदेला. कंदुरी तर हिंदू घरांचीही असायची. माझी दादी सांगायची, शेवया खाटेवर वाळत घातल्या की पोरं ईदचे दिवस मोजायला लागत. शीरखुर्मा वर्षातून दोनदा, आणि त्यातही खजूर-खोबरं मोजून.

हे वर्णन करताना जुन्या काळाबद्दल गळा काढायचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण त्या ताटात पौष्टिकपणा होता तसा तुटवडाही होता, आणि काही वर्षं तर ताटच नव्हतं.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्याच कर्डे गावात एका सावकाराने देशमुखांवर हुकूमनामा आणला आणि गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. पुढच्या मे महिन्यात सुप्याला दप्तरं जळाली. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. कर्जाने पिचलेला हा शेतकरी सावरतोय तोच १८७६ चा दुष्काळ आला आणि दोन वर्षं टिकला. सरकारने दुष्काळी कामं काढली. १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या मजुराची मजुरी कापून ती जवळपास एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी, एवढ्या अन्नावर काम करणारं शरीर टिकत नाही, असं म्हणून विरोध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून निघून गेले आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. माणसाला जगायला किती खाणं लागतं, यावर हिंदुस्थानात झालेला हा बहुधा पहिला मोठा सरकारी वाद. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० ला पुन्हा दुष्काळ पडले.

आपल्या आई-वडिलांना आठवतो तो १९७२ चा. तेव्हा भूकबळी मोठ्या प्रमाणावर टळले, याचं श्रेय सरकारी कामांना आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला द्यायला हवं. पण खायला काय मिळालं? परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. मिलोच्या भाकरीचं नाव काढलं तरी त्या पिढीतली माणसं आजही तोंड वाकडं करतात. त्या वर्षी ज्या बाया सात-आठ महिन्यांचं पोट घेऊन पाझर तलावावर पाट्या वाहत होत्या, त्यांची मुलं आता पन्नाशीत आहेत. शुगरच्या दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्यांत ही पिढी मोठ्या संख्येने दिसते. बाकावर बसल्या बसल्या मी वयं विचारायचो, तेव्हा हे लक्षात आलं. पुरावा म्हणून नाही, नुसतं सांगतोय.

पुरावा पुढे आला. सत्तरच्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. गावातल्याच बायका-मुलींना शिकवून त्यांच्याकडून घरोघरची नोंद ठेवायची, ही त्यांची पद्धत. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वढू म्हटलं की आपल्याला संभाजी महाराजांची समाधी आठवते आणि हल्ली दंगलीच्या बातम्या. त्याच गावात २००२ पासून आसपासच्या बावीस गावांतल्या लोकसंख्येची आणि आरोग्याची सलग नोंद ठेवली जाते, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

त्याच १९९३ मध्ये केईएमच्याच मधुमेह विभागाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या सहा दुष्काळी खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. तिथल्या विवाहित स्त्रियांची गर्भारपणाआधी मोजमापं घ्यायची, गर्भारपणात त्या काय खातात आणि किती राबतात ते टिपायचं, आणि मूल जन्मल्यावर त्याचा पाठपुरावा करत राहायचं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक सोबत होते. तिथल्या डेव्हिड बार्कर यांनी त्याआधीच मांडणी केली होती की पोटात असताना उपाशी राहिलेलं बाळ शरीराची काटकसर शिकूनच जन्मतं आणि मोठेपणी सुबत्ता आली की तीच काटकसर त्याला नडते.

या खेड्यांतल्या आयांची सरासरी उंची पाच फूट, आणि बांधा वैद्यकीय व्याख्येनुसार कमी वजनाचा. गर्भारपणात दिवसाला सुमारे पावणेदोन-अठराशे कॅलरी आणि पंचेचाळीस ग्रॅम प्रथिनं. शिवाय पाणी भरणं, खुरपणी, सगळं चालूच. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो. साउदॅम्प्टनमधली बाळं होती ३.५ किलोची. इथपर्यंत नवल काही नाही. नवल पुढे आहे. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पोटातले अवयव लहान भरले, पण त्वचेखालची चरबी जवळजवळ गोऱ्या बाळांइतकीच राहिली. बारीक दिसणारं, पण आतून चरबी राखून असलेलं बाळ. चरबी जास्त आणि स्नायू कमी असले की रक्तातली साखर खपायला जागा कमी पडते. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचं उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१ टक्के, तर युडकिनच्या अंगात ९. अब्बांना भेटायला येणाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या फोटोत मिळालं.

अभ्यासातून आणखी दोन गोष्टी निघाल्या. ज्या आयांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार होतं त्यांची बाळं मोठी भरली. म्हणजे नुसतं पोट भरण्यापेक्षा ताटात काय आहे, ते महत्त्वाचं ठरलं. दुसरं, दोन-तृतीयांशाच्या आसपास बायकांमध्ये बी-१२ कमी निघालं. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. आपल्याकडे 'आम्ही खाणारे लोक, आम्हाला कसली कमतरता' असा एक तोरा असतो. पण खाणारा असणं वेगळं आणि खायला मिळणं वेगळं. महिन्यातून एकदा मटण आलं, त्यातल्या बोट्या पुरुषांच्या ताटात गेल्या आणि सुनेच्या वाट्याला रस्सा आला, तर तिचं बी-१२ कुठून वाढणार? मुसलमान घरांतही हे असंच चालतं, हे कबूल करायला हवं. नंतर याच गटाने गावातल्या किशोरवयीन मुला-मुलींना, म्हणजे उद्याच्या आई-बापांना, बी-१२ देऊन पाहायचा प्रयोग हाती घेतला.

आणि मग ती बाळं अठरा वर्षांची झाली. सहाशेहून अधिक पोरा-पोरींची तपासणी झाली. त्यांतली जवळजवळ निम्मी कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची साखर वाढलेली निघाली. बहुतेकांची मधुमेहाच्या उंबरठ्यावरची, पण वय अठरा! ही रांजणगावच्या टपरीवर दिसणाऱ्या पोरांच्या वयाचीच, तशाच अंगाची पिढी आहे.

शरीर काटकसरी होतं आणि ताट मात्र एका पिढीत पालटलं. घोड धरणाचं, मग चासकमान आणि कुकडीच्या कालव्यांचं पाणी आलं. उसाची लागवड झाली, न्हावऱ्याला घोडगंगा कारखाना उभा राहिला. ज्वारी-बाजरीचं रान उसाखाली गेलं. रेशनवर वर्षानुवर्षं गहू-तांदूळ मिळाला, भाकरी खाणं गरिबीचं लक्षण ठरलं आणि चपाती सुधारल्याचं. हायब्रीड ज्वारीच्या भाकरीला चव नाही म्हणूनही लोक गव्हाकडे वळले. डब्याने तेल आलं. एमआयडीसी आल्यावर जमिनी विकल्या गेल्या, घरात गाडी आली आणि शेतात राबणारे हात तीन पाळ्यांमध्ये वाटले गेले. रात्रपाळीचं जागरण आणि अवेळी जेवण यांचाही साखरेशी संबंध आहे. यात कुणाला दोष द्यायचा? पाणी नको होतं का? नोकरी नको होती का? दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या माणसाला नातवाच्या हातातला गुलाबजाम गोडच वाटणार. आमच्या लग्नांतून पूर्वी डाळचा-खाना असायचा, आता बिर्याणीबरोबर दोन गोड पदार्थ, वर आइस्क्रीम आणि शेवटी कोल्ड्रिंक नसेल तर मुलीच्या बापाचं नाक कापलं जातं.

हीच कहाणी अरबस्तानात अधिक वेगाने घडली. तेल निघण्याआधी आखातातली माणसं खजूर, मासळी, उंटिणीचं दूध, जवाची भाकर यांवर जगत. मोती काढणारे बुडे महिनोन् महिने समुद्रावर असत. दोन पिढ्यांत पांढरा भात, थंड पेयं, वातानुकूलित गाड्या आल्या, आणि आज कुवेत, सौदी, कतार हे देश मधुमेहाच्या जागतिक यादीत वरच्या रांगेत आहेत. २०१७ मध्ये सौदी आणि अमिरातीने शीतपेयांवर ५० टक्के आणि एनर्जी ड्रिंकवर १०० टक्के कर लावला. आपली आखातात गेलेली पोरं तिथून पैसे आणि परफ्यूमबरोबर हा आजारही घेऊन आली.

इथे जरा विषयांतर. १ जानेवारी १८१८ ला शिरूरच्या छावणीतून रातोरात निघालेली इंग्रजांची तुकडी कोरेगावला पोचली तेव्हा पेशव्यांच्या बाजूने लढणाऱ्या पायदळात अरब होते. दख्खनमधले अरब शिपाई बहुतांशी हद्रमौत आणि येमेनकडचे. कोंढव्यात आज ज्या 'मंदी'च्या थाळीभोवती आपण सहा-सहा जण बसतो ती याच मुलखातली. तिथे ती लग्नाकार्याची, मेजवानीची थाळी होती. आपण ती कुठल्याही मंगळवारी रात्री साडेअकराला मागवतो.

अरबी परंपरेत खाण्यापिण्याचं शास्त्र मात्र फार जुनं आहे. अकराव्या शतकातल्या बगदादचा इब्न बुतलान हा ख्रिस्ती हकीम होता. त्याचा आरोग्यावरचा ग्रंथ 'तकवीम अल-सिहा' तक्त्यांच्या रूपात आहे. हवा, खाणं-पिणं, हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जागरण, शरीरातून बाहेर टाकणं आणि राखणं, मनातले भाव, या सहा गोष्टींचा तोल राखला तर माणूस आजारी पडत नाही, असं तो सांगतो. त्याच्या आधी इब्न सिनाने मधुमेहात लघवी गोड होते, याची नोंद केली होती. आपल्याकडे सुश्रुताच्या परंपरेत ती त्याहूनही जुनी आहे. आणि पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही हदीस तर जुम्म्याच्या बयानात आपण कितीदा ऐकलेली असते. ऐकतो आणि घरी जाऊन जेवतो.

आता उपायाचं. राहणी बदलल्याने खरंच फरक पडतो का, याचा हिशेब झालेला आहे. चीनमधल्या दा चिंग शहरात १९८६ पासून, मग फिनलंड आणि अमेरिकेत प्रयोग झाले. शेवटच्या दोन्ही ठिकाणी उंबरठ्यावरच्या लोकांतला मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला. पण तिथली माणसं जाडी होती आणि त्यांनी वजन उतरवलं. आपल्यासारख्यांचं काय? त्याचं उत्तर चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात आहे. उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांपैकी ज्यांना नुसता सल्ला दिला त्यांच्यात तीन वर्षांत ५५ टक्के मधुमेही झाले. ज्यांनी जेवण सुधारलं आणि रोज चालणं ठेवलं त्यांच्यात ३९ टक्के. वजन फारसं उतरलं नाही, तरी साखर आटोक्यात राहिली. किरकोळ अंगाच्या माणसाने हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर, असं आयसीएमआरच्या २०२३ मधल्या पाहणीने सांगितलंय. त्या १३.६ कोटींसाठी वेळ अजून गेलेली नाही.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोचवलेली दोनदाच जेवणाची पद्धत आपल्याला माहीत आहे. तिच्यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, मी त्यात पडत नाही. पण रमजानमध्ये आपणही दोनदाच जेवतो आणि तरी महिन्याअखेर अनेकांचं वजन वाढलेलं असतं. कारण इफ्तारला भजी, समोसे, लाल सरबत, मग जेवण, मग तरावीहनंतर पुन्हा मालपोवा. खजूर सुन्नत आहे, पण एक किंवा तीन. अर्धा डबा खाल्ला तर तीही साखरच. इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोजे ठेवावेत की नाही, हे रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारावं. आजाऱ्याला कुरआनने सवलत दिलेली आहे. ती घेतली तर ईमान कमी होत नाही, हे अब्बांना पटवायला मला दोन रमजान लागले.

आमच्याकडे बदल काय झाला, तेवढं सांगतो. रात्री बाजरी किंवा ज्वारीची भाकरी आली, भात कमी झाला, पालेभाजी रोज. भाकरीतही पिठूळ भाग असतोच, म्हणून चारऐवजी दीड. डाळ आणि अंडं वाढलं. इशाच्या नमाजला अब्बा गाडीवर जात, आता चालत जातात. अम्मीची तपासणी केली तर तिचं बी-१२ नको इतकं कमी निघालं. चाळीस वर्षांत तिने कधी पहिल्या पंगतीला बसून बोटी घेतली नव्हती. धाकट्या भावाची शुगर मोजायला तो तयारच नव्हता. तोही एमआयडीसीत पाळीला जातो, अठ्ठावन्न किलो वजन. मोजली, उंबरठ्यावर निघाली. टपरीवरचा सकाळचा चहा त्याने अजून सोडलेला नाही, साखर मात्र कमी सांगतो, आणि टपरीवाला विसरून पुन्हा तेवढीच टाकतो.

भाकरीचं पीठ मिळवणं हेही एक कामच झालं. आमच्या भागातल्या गिरणीत दिवसभर गहूच दळला जातो. बाजरीला वेगळा वार लागतो, नाहीतर गव्हाच्या पिठात कडवटपणा उतरतो म्हणून बायका भांडतात. गिरणीवाल्याने शनिवार ठरवून दिलाय. सुरुवातीला शनिवारी आमचाच एक डबा असायचा. गेल्या शनिवारी गेलो तर माझ्या आधी चार डबे होते आणि त्यातला एक मशिदीच्या मुअज्जिन साहेबांचा.